सरकारी सवलत बाजूला ठेवा, आधी घराच्या फटी मोजा

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या मराठी घरांतून मला कोटेशनांचे फोटो यायला लागतात. सोबत एक ओळ असते, "ताई, एवढं बघून सांगता का, घ्यावं का?" बहुतेक कोटेशनांत सवलतीचा आकडा ठळक अक्षरांत वरच असतो आणि कामाचं वर्णन तळाशी एका ओळीत उरकलेलं असतं: "अ‍ॅटिक इन्सुलेशन, आर-60", म्हणजे छपराखालच्या माळ्यावर उष्णता अडवणारा थर, आणि आर-व्हॅल्यू ही तो थर किती उष्णता अडवतो याची मोजणी, आकडा जितका मोठा तितकी जास्त. अ‍ॅटिक किती चौरस फुटांचं आहे, आत्ता तिथे काय आहे, फटी बुजवणार का, काम झाल्यावर तपासणार कोण, याचा कुठे पत्ता नसतो.

मी घरांचं एनर्जी ऑडिट करते. अ‍ॅटिकमध्ये रांगणं, बेसमेंटच्या कोपऱ्यात टॉर्च मारणं आणि लोकांची गॅसची बिलं वाचणं हे माझं रोजचं काम. अशा प्रत्येक फोटोला मी आधी एकच प्रश्न उलट पाठवते: ही सवलत नसती, तर हेच काम याच किमतीला तुम्ही केलं असतं का?

उत्तर "हो" असेल तर सवलत खुशाल घ्या, वरचे पैसे म्हणून. उत्तर "नाही" असेल किंवा "माहीत नाही" असेल, तर सही करू नका. पुढे जे लिहिलंय ते मुख्यतः या "माहीत नाही"वाल्यांसाठी आहे. गारठलेल्या घरात योग्य जागी केलेल्या कामाने काय फरक पडतो ते मी दरवर्षी बघते, त्यामुळे वेदरायझेशनवर, म्हणजे फटी बुजवून आणि इन्सुलेशन करून घर थंडीला तयार करण्यावर, माझा पूर्ण विश्वास आहे. विश्वास नाही तो "सरकार पैसे देतंय म्हणजे फायद्याचंच असणार" या समजुतीवर.

सवलत कुठली, ते आधी नावानिशी विचारा

सेल्समन "रिबेट" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात चारांपैकी कुठलीही गोष्ट असू शकते, आणि चारींचे नियम वेगळे आहेत.

पहिली म्हणजे फेडरल टॅक्स क्रेडिट. 2023 ते 2025 या वर्षांत इन्सुलेशन आणि फटी बुजवण्याच्या खर्चाच्या 30 टक्के, पण वर्षाला जास्तीत जास्त 1,200 डॉलर मिळायचे. त्यात खिडक्यांना 600 डॉलरची आणि ऑडिटला 150 डॉलरची वेगळी मर्यादा होती. इन्सुलेशनच्या बाबतीत ही टक्केवारी फक्त मालावर होती, मजुरीवर नाही. अ‍ॅटिकच्या कामात मजुरी हा मोठा भाग असतो, त्यामुळे पूर्ण बिलाचे 30 टक्के धरून हिशोब केलेल्यांची एप्रिलमध्ये रिटर्न भरताना निराशा झाली. शिवाय हे क्रेडिट तुमच्या देय करातूनच वजा होतं. कर कमी असेल तर उरलेलं क्रेडिट हातात मिळत नाही आणि पुढच्या वर्षात नेताही येत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, 2032 पर्यंत चालणार म्हणून जाहीर झालेलं हे क्रेडिट 4 जुलै 2025 ला सही झालेल्या कायद्याने आटोपलं. 31 डिसेंबर 2025 नंतर बसवलेल्या कामाला ते लागू नाही. अजूनही कुणी "फेडरलचे 30 टक्के" म्हणत दारात आलं, तर कुठल्या वर्षाच्या रिटर्नमध्ये आणि कुठल्या फॉर्मवर, एवढंच विचारा.

दुसरी म्हणजे 2022 च्या कायद्यातून राज्यांना मिळालेल्या 8.8 अब्ज डॉलरमधले रिबेट. ते राज्यं आपापल्या पद्धतीने वाटतात, बऱ्याचदा उत्पन्नाची अट असते, आणि काही राज्यांत सुरू व्हायलाच फार उशीर झाला. त्यातल्या एका योजनेत घराची ऊर्जा किमान 20 टक्के वाचेल असा अंदाज दाखवावा लागतो, 35 टक्के दाखवला तर रक्कम वाढते. "अंदाज" हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे. आणखी एक: काम सुरू होण्याआधी मंजुरी लागते का ते राज्याच्या कार्यालयातूनच विचारून घ्या. "आधी काम करून घ्या, पैसे मागाहून मिळतील" हे कॉन्ट्रॅक्टरच्या तोंडचं वाक्य पुरेसं नाही.

तिसरी तुमच्या गॅस-वीज कंपनीची. हे पैसे सगळ्या ग्राहकांच्या बिलात बसवलेल्या आकारातून येतात, म्हणजे तुम्ही दर महिन्याला ते भरतच असता. त्यामुळे ते मागायला अजिबात संकोच करू नका.

चौथी म्हणजे वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्रॅम, 1976 पासून चालू असलेली जुनी योजना. दारिद्र्यरेषेच्या दुप्पट उत्पन्नाच्या आत असलेल्या कुटुंबांना काम फुकट करून मिळतं, भाडेकरूही अर्ज करू शकतात. निवृत्त होऊन एकटे राहणारे आपले काका-काकू यात बसू शकतात आणि "सरकारचं फुकट कशाला" म्हणून अर्जच करत नाहीत. त्यांना मी आग्रहाने अर्ज करायला लावते. माझी सगळी शंका ज्यांच्या खिशातून निम्मे-पाऊण पैसे जाणार आहेत त्यांच्यासाठी आहे.

घाईला बळी पडू नका

"ऑफर या महिन्यात संपतेय" हे वाक्य ऐकलं की थोडा इतिहास आठवा. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात, 1978 मध्ये, इन्सुलेशनवर 15 टक्के आणि जास्तीत जास्त 300 डॉलरचं क्रेडिट आलं. 1985 च्या शेवटी ते गेलं. 2006 मध्ये 10 टक्के आणि 500 डॉलरच्या मर्यादेने नवीन आलं, 2008 मध्ये नव्हतंच, 2009 मध्ये 30 टक्के आणि 1,500 डॉलर होऊन परतलं, 2011 पासून पुन्हा 10 टक्के, तेही आयुष्यभराचे मिळून 500 डॉलर. मग 2023 ला 1,200 आणि 2026 पासून शून्य. 2010 मध्ये तर याहून मोठी रिबेट योजना हाउसमध्ये मंजूर झाली, सिनेटमध्ये अडकली आणि कधी आलीच नाही. तिच्या आशेवर काम पुढे ढकललेली माणसं तेवढे हिवाळे तशीच कुडकुडली.

सवलती येतील-जातील. घराचं छप्पर मात्र तीस-चाळीस वर्षं तिथेच असणार आहे. राजकारणाच्या तारखांवर घराचं काम ठरवलं की चुकीचं काम घाईत होतं, किंवा गरजेचं काम वाट बघण्यात राहून जातं.

आणि आजवर या पैशांचा लाभ कुणाला झाला? बर्कलीचे अर्थतज्ज्ञ सेव्हरिन बोरेनस्टीन आणि लुकस डेव्हिस यांनी 2006 पासूनच्या अशा टॅक्स क्रेडिटांचा हिशोब मांडला. त्यात घराची दुरुस्ती, सौर पॅनेल, इलेक्ट्रिक गाड्या सगळं आलं. 18 अब्ज डॉलरहून अधिक रकमेतला सुमारे 60 टक्के भाग उत्पन्नात वरच्या पाचव्या हिश्श्यात असलेल्या कुटुंबांना गेला. खालच्या तीन हिश्श्यांना मिळून 10 टक्के. ज्यांची घरं सगळ्यात गळकी त्यांच्यापर्यंत पैसा पोचतच नाही, हे मला मनापासून खटकतं.

अंदाज आणि बिल यांतलं अंतर

आता "अंदाजा"कडे येते. मेरेडिथ फाउली, मायकेल ग्रीनस्टोन आणि कॅथरिन वोल्फ्राम या तिघांनी आमच्याच मिशिगनमध्ये त्या 1976 च्या योजनेची तपासणी केली. सुमारे 30,000 कुटुंबांचा नमुना, निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. संगणकाच्या मॉडेलने जेवढी बचत सांगितली होती ती प्रत्यक्ष बिलातल्या बचतीच्या तिपटीहून जास्त निघाली. कामावरचा खर्च मिळालेल्या बचतीच्या साधारण दुप्पट. लोकांनी घर जास्त उबदार ठेवायला सुरुवात केली म्हणून असं झालं असेल, असं वाटेल. त्यांनी तेही तपासलं. घरांतलं तापमान म्हणण्यासारखं वाढलेलं नव्हतं.

ज्यांना सरकारी योजना मुळातच नको असतात ते हा अभ्यास "बघा, सगळं वाया" म्हणून फिरवतात. त्यात तसं नाही. ती सरासरी आहे, वेगवेगळ्या घरांत झालेल्या वेगवेगळ्या कामांची मिळून. तुमच्या अ‍ॅटिकमध्ये पैसे घालावेत की नाही हे ती सांगत नाही. मॉडेलच्या आकड्यावर विसंबून पैसे घालू नका, एवढं मात्र ती स्वच्छ सांगते. नंतर इलिनॉयमध्ये अशाच कामांवर अभ्यास झाला. तिथे फरकाची दोन मोठी कारणं निघाली: मॉडेल मुळातच बचत फुगवून सांगतात, आणि कारागिरी कमी पडते. यातलं दुसरं कारण मी अ‍ॅटिकमध्ये डोक्यावर दिवा बांधून बघत असते. वरून बघितलं तर इन्सुलेशन बर्फासारखं सपाट पसरलेलं, हाताने बाजूला केलं तर खाली पाइपाभोवतीची मूठभर रुंदीची भोकं तशीच उघडी.

बिलं काढा आणि स्वतः गणित करा

याला अर्धा तास लागतो आणि पैसे लागत नाहीत.

मागच्या वर्षाची गॅसची बारा बिलं घ्या. डॉलर बघू नका, थर्म (गॅसमधली उष्णता मोजायचं एकक) बघा. काही कंपन्या सीसीएफ (शंभर घनफूट गॅस) लिहितात, ढोबळ हिशोबाला ते थर्मइतकंच धरा. जुलैमधले थर्म म्हणजे तुमचा वॉटर हीटर, स्टोव्ह आणि ड्रायर. समजा जुलैचे 20 आहेत. त्याला बाराने गुणलं की 240. वर्षाची बेरीज 900 असेल, तर घर तापवायला लागले 660. इन्सुलेशनचा संबंध फक्त या 660 शी आहे.

आता कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "बिल 40 टक्क्यांनी उतरेल." 900 चे 40 टक्के म्हणजे 360 थर्म, म्हणजे घर तापवण्याच्या खर्चातला निम्म्याहून जास्त भाग एकट्या अ‍ॅटिकमधून वाचायला हवा. भिंती, खिडक्या, बेसमेंट यांतून जाणारी उष्णता तशीच राहणार असताना हे कसं जमेल? केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, स्वतःचा अंदाज बघा: फटी बुजवून अ‍ॅटिक, घराखालच्या रांगत जायच्या पोकळीवरची (क्रॉल स्पेस) जमीन आणि बेसमेंटची कड इन्सुलेट केली तर घर तापवण्या-गार करण्याच्या खर्चात सरासरी 15 टक्के बचत. सवलतीची जाहिरात करणारं सरकारच 15 म्हणत असेल, तर 40 म्हणणाऱ्याने ते कुठून आणलं हे सांगायला हवं.

अ‍ॅटिकचं गणितही घरी करता येतं. चौरस फूट गुणिले तुमच्या गावाचे वर्षाचे हीटिंग डिग्री-डे (रोजचं सरासरी तापमान 65 फॅरनहाइटच्या जितके अंश खाली, त्यांची वर्षाची बेरीज) गुणिले 24, भागिले आर-व्हॅल्यू. उत्तर बीटीयू या उष्णतेच्या एककात येतं, त्याला एक लाखाने भागलं की थर्म. मग फर्नेसच्या, म्हणजे घर तापवणाऱ्या यंत्राच्या, कार्यक्षमतेने भागा. डेट्रॉइटच्या आसपास डिग्री-डे 6,000 च्या थोडे वर असतात. आपण 6,000 धरू, अ‍ॅटिक 1,000 चौरस फूट, फर्नेस 90 टक्क्यांची.

जुन्या घरात तीन-चार इंच दबलेलं फायबरग्लास असेल तर आर-11 च्या आसपास. तिथून जाणारी उष्णता साधारण 131 थर्म. आर-49 केलं तर 29. फर्नेस धरून वर्षाला सुमारे 113 थर्म वाचतात. काम करण्यासारखं आहे, सवलत असो वा नसो.

आता हेच गणित ज्या घरात आधीच आर-38 आहे आणि सेल्समन आर-60 करायला सांगतोय, तिथे करून बघा. 38 थर्मवरून 24 वर. फर्नेस धरून वर्षाला जेमतेम 15 थर्म. तुमच्या बिलातल्या दराने गुणा आणि ती रक्कम कोटेशनच्या आकड्यासमोर ठेवा. सवलतीनंतर उरलेले पैसेसुद्धा या बचतीतून किती वर्षांत निघतील ते लगेच दिसेल. पहिल्या काही इंचांत जवळजवळ सगळा फायदा असतो, पुढच्या प्रत्येक इंचाला तो घटत जातो. सवलतीचे नियम बऱ्याचदा अंतिम आर-व्हॅल्यूवर बेतलेले असतात, सुरुवात कुठून झाली यावर नाही. म्हणून ज्याच्या घरात आधीच चांगलं इन्सुलेशन आहे त्यालाही "वरचा थर" विकला जातो.

फटी आधी, इन्सुलेशन नंतर, खिडक्या सगळ्यात शेवटी

ब्लोअर डोअर चाचणी केल्याशिवाय मोठं काम ठरवू नका. पुढच्या दारात कापडी चौकट बसवून त्यात मोठा पंखा लावतात, तो घरातली हवा बाहेर ओढतो आणि आतला दाब 50 पास्कलने कमी करतो. मग बाहेरची हवा जिथून वाट मिळेल तिथून आत शिरते आणि पंखा किती हवा ओढतोय त्यावरून घर एकूण किती गळतंय हे कळतं. थंड राज्यांत नव्या घरांसाठी बांधकामाच्या कोडची मर्यादा साधारणपणे 50 पास्कलला तासाला तीन ते पाच वेळा घरातली हवा बदलण्याएवढ्या गळतीची असते. जुन्या घरांत हा आकडा दहाच्या वर सहज जातो.

पंखा चालू असताना मी उदबत्ती पेटवून घरभर फिरते. धुराचं पेन्सिलीसारखं यंत्र मिळतं, पण उदबत्तीचा धूर बारीक आणि सरळ असतो आणि तो कुठे वाकला ते घरच्या माणसांना लगेच दिसतं. बहुतेकांना वाटतं तो खिडकीशी वाकेल. थोडा वाकतोही. पण अ‍ॅटिकच्या झाकणाशी, छतातल्या दिव्यांशी, बाथरूमच्या सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथे, आणि बेसमेंटमध्ये पायाच्या भिंतीवर लाकडी चौकट टेकते त्या कडेला तो सपकन आडवा होतो. अ‍ॅटिकमध्ये वर गेलात तर आणखी एक खूण मिळेल: गुलाबी किंवा पिवळ्या फायबरग्लासवर काळपट डाग. ती बुरशीच असेल असं नाही. बऱ्याचदा वर्षानुवर्षं घरातली हवा तिथून वर जाताना धूळ गाळली गेलेली असते. डाग उचला, खाली फट सापडतेच.

एका कुटुंबाच्या घरी भारतातून आलेल्या आजोबांची खोली गॅरेजच्या वर होती. थर्मोस्टॅट 72 फॅरनहाइटवर आणि आजोबा स्वेटर, मफलर, मोजे घालून पलंगावर. एका कंपनीने त्यांना घरभर नव्या खिडक्या सुचवल्या होत्या, क्रेडिटसकट आकडा मांडून. उदबत्ती खिडकीशी शांत जळत राहिली. पलंगाखाली, भिंत आणि जमीन मिळते त्या पट्टीशी नेली तर धूर थेट खोलीच्या मध्यापर्यंत आला. गॅरेजच्या छतामागे, खोलीच्या जमिनीखालच्या पोकळ्या दोन्ही टोकांना उघड्या होत्या आणि त्यातून बाहेरचा वारा खेळत होता. पोकळ्यांची तोंडं फोम बोर्डाने बंद केली, कडा सील केल्या, आत सेल्युलोज, म्हणजे कागदाच्या तंतूंचं इन्सुलेशन, भरलं. खिडक्या आहेत त्याच आहेत. गॅरेजमधला गाडीचा धूर त्याच वाटेने खोलीत येत असणार, हे मला थंडीपेक्षाही जास्त महत्त्वाचं वाटलं.

म्हणून खिडक्यांच्या सवलतीला मी सहसा "नको" म्हणते. लाकूड कुजलं असेल, काचांच्या मध्ये बाष्प धरत असेल तर बदला, पण ती दुरुस्ती समजून बदला. बिल उतरेल म्हणून नव्हे. निव्वळ वारा लागत असेल तर कडेच्या पट्ट्या बदलून किंवा बाहेरून स्टॉर्म विंडो लावून फार कमी पैशांत भागतं.

काही कामांना तर सवलत, कागद, कॉन्ट्रॅक्टर कशाचीच गरज नाही. अ‍ॅटिकच्या झाकणाला कडेने फोमची पट्टी आणि वरून जाड फोम बोर्ड, बेसमेंटच्या कडेला फोम बोर्डाचे तुकडे आणि कॅनमधला फोम, सिंकखालच्या पाइपांभोवती कॉक (फटी बुजवायची पेस्ट). एक शनिवार जातो.

कोटेशनात काय लिहून घ्यायचं

किमान तीन कोटेशनं घ्या आणि पहिल्या फोनवर सवलतीचा विषय काढू नका. आधी पूर्ण किंमत लेखी मागा, मग सवलत विचारा. सवलतीचं नाव काढल्यावर मूळ किंमतच वर गेली, तर ते पैसे तुमच्याकडे येत नाहीयेत. एकाच अ‍ॅटिकसाठी आलेल्या किमतींमध्ये इतका फरक असतो की सवलत त्यात कुठल्या कुठे हरवते.

फटी बुजवण्याची ओळ इन्सुलेशनपासून वेगळी हवी, आणि तीत जागा नावानिशी: भिंतींचे माथे, चिमणीभोवतीची जागा, पाइप, दिवे, झाकण. चिमणीभोवती फोम चालत नाही, पत्रा आणि उष्णता सहन करणारं सीलंट लागतं. कॉन्ट्रॅक्टर हे स्वतःहून बोलला तर माणूस जाणकार आहे. फटींच्या कामाचे फोटो इन्सुलेशन पसरण्याच्या आधी हवेत. एकदा वर चौदा इंच सेल्युलोज पडलं की खाली काय केलं आणि काय नाही हे कुणाला कळणार?

काम संपल्यावर दुसरी ब्लोअर डोअर चाचणी, आणि तिचा आकडा कोटेशनातच लिहिलेला: गळती किमान इतक्याने कमी होईल, नाहीतर परत येऊन करू. या अटीला जो नाही म्हणतो त्याला मी नाही म्हणते. एखाद्या रिबेटमध्ये आधीची आणि नंतरची चाचणी सक्तीची असेल, तर तो रिबेट मला आवडतो. त्यातल्या पैशांपेक्षा ती सक्ती जास्त कामाची आहे.

फुंकून भरायच्या इन्सुलेशनच्या पिशवीवर कोष्टक छापलेलं असतं: 1,000 चौरस फुटांना अमुक आर-व्हॅल्यूसाठी किती पिशव्या. फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाप्रमाणे कॉन्ट्रॅक्टरने तुम्हाला क्षेत्रफळ, जाडी, आर-व्हॅल्यू आणि पिशव्यांची संख्या लिहून द्यावी लागते. ते मागा, आणि काम चालू असताना रिकाम्या पिशव्या मोजा. हवा भरून फुगवलेलं इन्सुलेशन पहिल्या दिवशी पट्टीवर उंच दिसतं आणि नंतर बसतं. पिशव्यांचा आकडा बसत नाही.

जिवाशी खेळ होईल अशा चार गोष्टी

फटी बुजल्या की घराचा श्वास बदलतो. बेसमेंटमधला वॉटर हीटर जुन्या पद्धतीचा, म्हणजे नुसत्या चिमणीने धूर वर जाणारा असेल, तर घट्ट झालेल्या घरात एक्झॉस्ट पंखा लावल्यावर तोच धूर उलटा घरात येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काम झाल्यावर त्याच दिवशी, सगळे पंखे आणि ड्रायर चालू ठेवून, धूर नीट वर जातो का याची चाचणी करून घ्या आणि प्रत्येक मजल्यावर अलार्म लावा.

अ‍ॅटिकमध्ये करड्या-सोनेरी, खड्यांसारख्या दाण्यांचा थर दिसला तर हात लावू नका. 1990 च्या आधीच्या बऱ्याच घरांतलं ते व्हर्मिक्युलाइट आहे आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालायचं. चिनीमातीच्या गोट्यांवरून ओढलेल्या फार जुन्या वायरी असतील तर त्यांच्यावर इन्सुलेशन टाकायचं नाही, आधी इलेक्ट्रिशियन. बाथरूमचा पंखा अ‍ॅटिकमध्येच सोडलेला असेल तर त्याची नळी आधी छपराबाहेर काढा, नाहीतर आंघोळीची सगळी वाफ नव्या इन्सुलेशनमध्ये मुरेल.

घाईने वाटलेला पैसा काय करतो हे ऑस्ट्रेलियाने बघितलंय. 2009 मध्ये तिथे घरोघरी इन्सुलेशनची सरकारी योजना आली, रातोरात कंपन्या उभ्या राहिल्या आणि पुरेसं प्रशिक्षण न दिलेली पोरं छपरात चढवली गेली. चार तरुण कामगार मेले. फेब्रुवारी 2010 मध्ये योजना बंद झाली आणि 2014 मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. मी कॉन्ट्रॅक्टरला विमा, परवाना आणि कामगारांचं प्रशिक्षण विचारते तेव्हा माझ्या मनात ती चार मुलं असतात. तुमच्या अ‍ॅटिकमध्ये चढणारा मुलगाही कुणाचा तरी आहे. जानेवारीत बोलवा, ऑगस्टच्या दुपारी नको. छपराखाली तेव्हा भट्टी असते.

कर्जाबद्दल एवढंच: "हप्ता मालमत्ता कराच्या बिलातून जाईल" असं कुणी म्हटलं तर थांबा. काही राज्यांत असं कर्ज घरावर बोजा म्हणून चढतं आणि घर विकताना किंवा रीफायनान्स करताना आडवं येतं.

एक हिवाळा गेल्यावर

काम झालं, रिबेटही आला. आता पुढच्या एप्रिलमध्ये बिलं पुन्हा काढा. नुसते थर्म एकमेकांसमोर ठेवू नका, कारण हिवाळा हिवाळ्यासारखा नसतो. जवळच्या विमानतळाचे डिग्री-डे नॅशनल वेदर सर्व्हिसकडे फुकट मिळतात. घर तापवायला लागलेले थर्म भागिले त्या काळातले डिग्री-डे.

समजा कामाआधी 660 थर्म आणि 6,000 डिग्री-डे होते, म्हणजे 0.11. कामानंतर 540 थर्म आणि 5,400 डिग्री-डे, म्हणजे 0.10. घर तापवायच्या थर्ममध्ये 18 टक्के घट दिसते आणि कॉन्ट्रॅक्टर तीच दाखवेल. खरी घट 9 टक्के. बाकीची उबदार हिवाळ्याची कृपा.

हा आकडा, दोन्ही चाचण्यांचे कागद, पिशव्यांची पावती आणि फटींचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा. कबूल केलेल्यापेक्षा बचत फारच कमी निघाली, तर ती फाइल घेऊन आधी कॉन्ट्रॅक्टरकडे जा, आणि रिबेट घेतला असेल तर त्या योजनेच्या कार्यालयातही एक प्रत पाठवा.